वायुवीज आणि वऱ्हाडचे पाणी

समृद्धी महामार्गाच्या कडेने मुंबई ते नागपूर अशी नैसर्गिक वायूची वाहिनी टाकण्यात आली आहे. अमरावती आणि वाशीम या जिल्ह्यांतून ती जाते. वायू दाराशी येणार म्हटल्यावर, कोळशाऐवजी त्यावरच वऱ्हाडात वीज का निर्माण करू नये, असा प्रश्न निघणे स्वाभाविक आहे. प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र पहिल्या उत्साहात देण्याजोगे नाही.

संयुक्त चक्राच्या केंद्रात वायू जाळून प्रथम एक झोतयंत्र फिरवितात. त्यातून बाहेर पडणारी पाचशे-सहाशे अंशांची धग वाया न दवडता तिच्यावर वाफ करून दुसरे यंत्र चालवितात. त्यामुळे इंधनातील निम्म्याहून अधिक उष्णतेची वीज होते. कोळशाच्या केंद्रात हे प्रमाण बहुधा चाळीस टक्क्यांच्या आतच राहते. राख मुळीच नाही. वऱ्हाडच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट याहून वेगळी आहे. वाफेचा वाटा एकतृतीयांशाच्या आसपास असल्याने थंडाव्यासाठी लागणारे पाणीही कोळशाच्या केंद्राच्या निम्म्याहून कमी लागते.

पाण्याचा हा हिशेब अमरावतीकरांना नव्याने सांगावयास नको. नांदगाव पेठ येथील 1350 मेगावॅटच्या कोळसा केंद्राला मोर्शीजवळच्या अप्पर वर्धा धरणातून वर्षाला 87.6 दशलक्ष घनमीटर पाणी देण्याचे ठरले, तेव्हा शेतकरी रस्त्यावर उतरले होते. 2003 च्या राज्य जलनीतीने उद्योगांना शेतीच्या आधीचा क्रम दिला होता. तो क्रम 2011 मध्ये बदलण्यात आला. पाण्याचे वाटप मात्र त्याआधीच झाले होते. ज्या विभागाच्या सिंचन अनुशेषाची मोजदाद दांडेकर समितीने 1984 मध्येच करून दिली होती, त्याच विभागातील धरणाचे हे पाणी होते! अकोला जिल्ह्यात पारसलाही कोळसा रेल्वेने येतो, पाणी मात्र स्थानिकच लागते.

मग वायूचे केंद्र हाच उपाय ठरतो काय? येथे महाराष्ट्राचा पूर्वानुभव आडवा येतो. उरणचे 672 मेगावॅटचे केंद्र 1982 पासून उभे राहत गेले. 1994 मध्ये वाया जाणाऱ्या उष्णतेवरचे संचही जोडले गेले. यंत्रे चांगली, पण पुरेसा वायू मिळेना. दाभोळची कथा अधिक कटू. 1999 मध्ये पहिला टप्पा नॅप्थावर सुरू झाला, वीज मंडळाला दर परवडेना आणि 2001 मध्ये केंद्र बंद पडले. वीज घेतली नाही तरी स्थिर आकार द्यावाच लागतो, हे राज्याला तेथे कळले. पुढे कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील उत्पादन घसरताच देशभरची वायुकेंद्रे निष्क्रिय पडली. जहाजाने येणाऱ्या वायूचा दर कतारात व युरोपात ठरतो. तो वऱ्हाडातील कापूसवाल्याच्या वीजबिलाकडे पाहून ठरत नाही. वाहिनीतील वायू कारखान्यांना, वाहनांना आणि स्वयंपाकघरांना अधिक उपयोगी पडेल, असेच दिसते.

तथापि पाण्याचा मुद्दा तेवढ्याने निकालात निघत नाही. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रापासून 50 किलोमीटरच्या आतील औष्णिक केंद्रांनी तेच पाणी वापरावे, असा दंडक 2016 च्या राष्ट्रीय वीजदर धोरणात आहे. कोराडीचे केंद्र नागपूर शहराचे शुद्ध केलेले सांडपाणी वापरते. नांदगाव पेठ तर अमरावती शहराला लागूनच आहे. कराराच्या आकड्यातून या मार्गाने किती पाणी वजा होऊ शकते आणि ते अप्पर वर्धेच्या कालव्यात केव्हा सुटेल, याचा लेखी हिशेब जलसंपदा विभागाने व महानगरपालिकेने मिळून शेतकऱ्यांपुढे ठेवावयास हवा.