गॅस संपला म्हणे!

एसीतला गॅस संपत नाही. हे वाक्य मोठ्या अक्षरांत लिहून प्रत्येक युनिटखाली चिकटवायला हवं. कारण मार्च उलटत आला की घरोघरी एकच प्रयोग रंगतो. एसी 'कूलिंग करत नाही' म्हणून एसीवाल्याला फोन जातो, तो येऊन बाहेरच्या युनिटला मीटर लावतो, काटा बघून मान हलवतो आणि म्हणतो, 'गॅस कमी झालाय, भरावा लागेल.' अडीच-तीन हजार रुपये जातात, थंडावा परततो, सगळे खूश. पुढच्या मार्चला पात्रं तीच, संवादही तेच.

स्वयंपाकघरातला सिलिंडर रिकामा होतो, कारण त्यातला गॅस जळतो. एसीतला गॅस जळत नाही आणि झिजतही नाही. तांब्याच्या बंद नळ्यांमधून तो गोल गोल फिरत राहतो. घरात येऊन उष्णता शोषतो नि वाफ होतो, बाहेर जाऊन ती उष्णता सोडतो नि पुन्हा द्रव होतो. कारखान्यात भरलेला गॅस यंत्राच्या आयुष्यभर पुरावा, अशीच ही रचना असते. तो कमी झाला असेल तर त्याचा अर्थ एकच: कुठेतरी गळती आहे. आणि गळती तशीच ठेवून वरून गॅस भरणं म्हणजे ग्राहकाने दरवर्षी ठरावीक रक्कम वातावरणात सोडून देणं.

ही गळती बहुतेक वेळा सापडण्याजोगी असते. बसवताना तांब्याच्या नळीचं तोंड पसरवून नट आवळलेला असतो, त्या जोडावर तेलकट डाग दिसला की समजावं, इथून वाट फुटली आहे. कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही झिरपतं. तो जोड साबणाच्या फेसाने तपासायचा, नळ्यांमध्ये नायट्रोजनचा दाब देऊन तो टिकतो का ते बघायचं, गळती बुजवायची, मग पंप लावून आतली हवा आणि ओल पूर्ण खेचून काढायची आणि त्यानंतर गॅस वजन करून भरायचा. वजन करून, काट्याकडे बघून नव्हे. बाहेरच्या युनिटवरच्या पट्टीवर गॅसचं नाव आणि तो किती ग्रॅम भरायचा हे दोन्ही छापलेलं असतं. इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसरचा वेग सतत बदलतो, त्यामुळे नुसत्या दाबाच्या काट्यावरून अंदाज बांधणं तिथे फसवं ठरतं. वजनकाटा घेऊन येणारा मेकॅनिक मात्र दुर्मीळच. एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघावी: दाब तपासायला कुणी ऑक्सिजनचं सिलिंडर जोडत असेल तर काम तिथेच थांबवावं. दाबाखालचा ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचं तेल एकत्र आलं की स्फोट होऊ शकतो.

मग गॅस भरल्यावर थंडावा परततो कसा? अनेकदा तो गॅसमुळे परततच नाही. त्याच भेटीत जाळी धुतलेली असते, कॉइलवर पाण्याचा फवारा मारलेला असतो. श्रेय गॅसला आणि बिलही गॅसचं. गोंधळ वाढवणारी आणखी एक गंमत आहे. आतल्या कॉइलवर बर्फ धरतो तो गॅस कमी असल्यामुळे धरू शकतो, तसाच जाळी तुंबून हवा खेळत नसल्यामुळेही धरतो. लक्षण एक, कारणं दोन. त्यातलं एक कारण फुकटात दूर होतं आणि दुसऱ्याचे अडीच हजार मिळतात. बर्फ दाखवून कोणतं कारण सांगितलं जाईल, याचा अंदाज वाचकांनीच बांधावा.

ही जाळी एकदा हातात घेऊन बघावी. समोरचं झाकण वर उचललं की ती दोन बाजूंनी सुटते, स्क्रूड्रायव्हरही लागत नाही. तिच्यावर करड्या रंगाचा, नमद्यासारखा थर बसलेला असतो: रस्त्याची धूळ, कपड्यांचे तंतू, केस, आणि स्वयंपाकघर लगत असेल तर फोडणीच्या धुराचं तेल. ते तेल धुळीला असं काही धरून ठेवतं की नुसतं झटकून काही होत नाही. नळाखाली, साबणाच्या कोमट पाण्यात मागच्या बाजूने पुढे धुवावं लागतं. मग सावलीत वाळवायची नि परत बसवायची. दहा मिनिटांचं काम. तुंबलेल्या जाळीच्या जागी स्वच्छ जाळी आली की एसीची वीज ५ ते १५ टक्क्यांनी कमी लागते, असं अमेरिकेचं ऊर्जा खातं सांगतं. आपल्याकडे मेट्रोची कामं, खोदलेले रस्ते आणि शेजारचं रीडेव्हलपमेंट यांच्या कृपेने जाळी पंधरा दिवसांतच भरते. वर्षातून एकदा सर्व्हिसिंग करून निर्धास्त होणाऱ्यांना ही मोजणी कुणी सांगतच नाही.

सरकारही सांगत नाही. सरकारचा सगळा भर रिमोटवर. १ जानेवारी २०२० पासून एसी सुरू केल्यावर आपोआप २४ अंशांवर यावा, असा नियम आला. तापमान एक अंशाने वाढवलं की सुमारे सहा टक्के वीज वाचते, हा ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचा हिशोब सर्वत्र फिरला. जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल यांनी २० ते २८ अंशांच्या मर्यादेचा प्रस्ताव जाहीर केला आणि दूरचित्रवाणीवर आठवडाभर खडाजंगी चालली. तुंबलेल्या जाळीचा एसी २४ वर ठेवला काय नि २६ वर ठेवला काय, खोली थंड होईपर्यंत तो धापा टाकतच राहणार. पाच तारे चिकटवलेल्या यंत्राची परीक्षा प्रयोगशाळेत, नव्या-कोऱ्या स्वच्छ अवस्थेत झालेली असते. कॉइल मातीने लिंपली गेली तरी स्टिकरवरचे तारे पाचच राहतात.

बाहेरच्या युनिटची अवस्था तर विचारूच नये. मुंबई-पुण्यात ते कबुतरांचं हक्काचं घर झालं आहे. मागच्या पत्र्यांच्या बारीक पात्यांमध्ये काड्या, पिसं आणि विष्ठा बसली की आतली उष्णता बाहेर पडायला वाव उरत नाही. त्यात सोसायटीच्या 'एलिव्हेशन'ची शोभा राखायला युनिटभोवती बंद जाळीचा डबा बांधलेला असेल, तर यंत्र स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढत बसतं. ऐन दुपारी कॉम्प्रेसर बंद पडतो आणि दोष पुन्हा गॅसवर. खाडीकाठच्या नि नाल्याकाठच्या वस्त्यांमध्ये मात्र गळती खरोखरच होते. खारी हवा पाती खाते आणि सांडपाण्यातून उठणारा हायड्रोजन सल्फाइड तांबं. तिथे दर दोन वर्षांनी कॉइल बदलणाऱ्या घरांनी मेकॅनिकवर संशय घेण्याआधी नाल्याकडे बघायला हवं.

विदर्भात ही कथा वेगळी आहे, कारण तिथे उन्हाळ्याचा राजा अजून कूलर आहे. नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा कोरड्या उन्हात ओल्या ताटीतून आलेली हवा जे सुख देते ते एसीलाही जमत नाही. कूलरला गॅस नाही, मीटर लावायची सोय नाही, म्हणून त्याला देखभालच नाही असा समज. एप्रिलमध्ये गच्चीवरून उतरवायचा, जुन्या ताट्या फेकून वुडवूलच्या किंवा वाळ्याच्या नव्या बसवायच्या, टाकीला आतून रंगाचा हात मारायचा, पाणी भरायचं नि बटण दाबायचं. दिवसभर पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. बोअरचं पाणी असेल तर महिनाभरात ताटीवर पांढरी साल धरते नि हवा अडते. नुसती भर घालत न राहता टाकी अधूनमधून पूर्ण रिकामी करावी लागते ती यासाठी.

आणि आणखी एका कारणासाठी. डेंग्यूचा एडिस डास पाण्यात नव्हे, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, टाकीच्या भिंतीवर अंडी चिकटवतो. पाणी ओतून दिलं तरी अंडी तिथेच राहतात. कोरड्यात ती कित्येक महिने तग धरतात आणि पाणी लागलं की आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. महापालिकेचे कर्मचारी आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळा म्हणून घसा कोरडा करतात. त्यात टाकीच्या भिंती खरखरीत ब्रशने घासण्याचा भाग नेमका गळून जातो. पावसाळा लागल्यावर न घासता गच्चीवर चढवलेला कूलर म्हणजे पहिल्या सरीची वाट बघत बसलेली अंडी.

तरीही डासापेक्षा कूलरचा करंट जवळचा. पत्र्याची बॉडी, आत पाणी, पाण्यात बुडालेला छोटा पंप, त्याच्या वायरवर मागच्या वर्षी गुंडाळलेली चिकटपट्टी आणि भिंतीत दोन पिनांचा प्लग, म्हणजे अर्थिंगचा पत्ताच नाही. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून, कूलर चालू ठेवूनच पाइपने पाणी भरायचं. दर उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यातल्या वर्तमानपत्रांत कूलरच्या धक्क्याने मृत्यू झाल्याच्या बातम्या येतात, लहान मुलांच्याही. महावितरण दरवर्षी पत्रक काढतं: तीन पिनांचा प्लग वापरा, पाणी भरण्याआधी प्लग काढा, अर्थिंग तपासा. ही पत्रकं वाचली जातात की नाही कोण जाणे. पण घराच्या मुख्य बोर्डात ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवला तर करंट गळताक्षणी वीज तुटते, आणि त्याचा खर्च एसीत एकदा-दोनदा गॅस भरण्याइतकाच येतो.

गिझरमध्ये तर उलटी मौज आहे. टाकीचा पत्रा गंजू नये म्हणून आत मॅग्नेशियमचा एक दांडा लावलेला असतो. पाण्यातला गंज टाकीऐवजी त्याने अंगावर घ्यावा आणि स्वतः झिजून जावं, हीच त्याची नेमणूक. क्षाराच्या पाण्यात तो दोन-तीन वर्षांत संपतो. म्हणजे जो गॅस संपत नाही तो दरवर्षी भरला जातो आणि जो दांडा संपण्यासाठीच आहे, तो टाकी फुटेपर्यंत कुणी बघत नाही. गॅस गिझरबद्दल मात्र देखभालीची चर्चा करण्यातही अर्थ नाही. बंद न्हाणीघरात तो असताच कामा नये. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला रंग नसतो की वास नसतो. दरवर्षी हिवाळ्यात त्याचे बळी जातात. गिझर बाहेर, उघड्या बाल्कनीत लावावा आणि आत फक्त नळ आणावा.

सगळं खापर मेकॅनिकच्या माथी फोडणं सोपं आहे, आणि ते अन्यायाचं होईल. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन-एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, पण दारात येणारे अनेक जण एखाद्या उस्तादाच्या हाताखाली, पाने-पक्कड उचलत शिकलेले असतात. कमाईचे महिने चार. सर्व्हिसिंगच्या पाचशे-सहाशे रुपयांवर ग्राहक शंभराची घासाघीस करतो आणि गॅसचे अडीच हजार निमूट मोजतो. मग धंदा कुठे वळणार? त्यात गॅसही बदलत गेले. जुना आर-२२ पेट घेत नसे. आजचा आर-३२ थोडा ज्वलनशील आहे आणि काही यंत्रांत भरलेला आर-२९० म्हणजे चक्क प्रोपेन. जुन्या सवयीने टॉर्च पेटवणारा माणूस स्वतःचाच जीव धोक्यात घालतो. केंद्राच्या २०१९ च्या 'इंडिया कूलिंग अ‍ॅक्शन प्लॅन'ने २०२२-२३ पर्यंत एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचं उद्दिष्ट ठेवलं होतं. उद्दिष्ट रास्तच, पण प्रमाणपत्र बघितल्याशिवाय दार न उघडणारा ग्राहक त्या आराखड्यात कुठे नव्हता.

अमेरिकेत 'कलम ६०८'खालचं प्रमाणपत्र असल्याशिवाय हा गॅस हाताळता येत नाही आणि तो मुद्दाम हवेत सोडणं गुन्हा आहे. आपल्याकडे त्याचे डबे दुकानात सहज मिळतात. एक किलो आर-३२ हवेत गेला तर तापमानवाढीच्या हिशोबात तो ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा. दरवर्षीचा 'टॉप-अप' घराच्या खिशापुरता राहत नाही तो असा.

या स्तंभाची मागणी माफक आहे. गॅस भरल्याच्या प्रत्येक बिलावर तीन गोष्टी छापणं सक्तीचं व्हावं: गळती कुठे सापडली, गॅस कोणता आणि किती ग्रॅम. पहिला रकाना कोरा असेल तर पैसे देऊ नयेत. कंपन्यांच्या वार्षिक देखभाल करारांनाही हाच नियम लागू व्हावा, कारण तिथे 'गॅस वगळून' हे दोन शब्द सर्वांत बारीक टायपात असतात. आणि नव्या इमारतींचे नकाशे मंजूर करताना महापालिकांनी एक साधा प्रश्न विचारावा: अकराव्या मजल्यावरचं बाहेरचं युनिट धुवायला माणूस उभा कुठे राहणार? आज तो खिडकीबाहेरच्या सज्जावर, कमरेला दोर बांधून किंवा न बांधताच उभा राहतो, एका हाताने ग्रिल धरतो आणि दुसऱ्या हाताने जमेल तेवढं धुतो. उभं राहायला दोन-अडीच फुटांची जागा आणि पट्टा अडकवायला एक कडी, एवढं बिल्डरकडून लिहून घेतल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये.