'राजी'चा दुसरा भाग : मार्का टिकेल काय?

कापडाच्या धंद्यात पहिला माल कौतुकावर खपतो आणि दुसरा माल गुणावर खपतो. नवीन मार्का बाजारात आला की दुकानदार दोन-चार ताके ठेवून पाहतो, गिऱ्हाईकही नवेपणापोटी घेऊन जाते. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. तेच गिऱ्हाईक पुन्हा दुकानात येऊन त्याच मार्क्याचे कापड मागते काय, यावर त्या मार्क्याचे आयुष्य ठरते. हाच हिशेब आज आम्ही एका वेगळ्या मालाला लावणार आहोत. तो माल म्हणजे पुण्यात तयार झालेला 'राजी' हा व्हिडिओ गेम आणि ज्याची वाट तरुण मंडळी पाहत आली तो त्याचा दुसरा भाग, 'राजी : कलियुग'.

व्यापाराच्या पानावर हा पोरखेळ कशासाठी, असा प्रश्न काही वाचक विचारतील. त्यांच्यासाठी एकच आकडा पुरे आहे. 'ग्रँड थेफ्ट ऑटो' या परदेशी गेमचा पाचवा भाग २०१३ मध्ये बाजारात आला आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत त्याच्या २० कोटींहून अधिक प्रती खपल्या. ज्या मालाची विक्री कोटींच्या घरात मोजली जाते, त्याला पोरखेळ म्हणून बाजूला सारणे व्यापाऱ्याला शोभत नाही.

दुसरी शंका अधिक रास्त आहे. गेम म्हटले की अनेक घरांत पैसे लावून खेळायची रमी आणि त्यात बुडालेली मुले डोळ्यांसमोर येतात. परंतु या दोन गोष्टी एक नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्यात पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्स व साधे करमणुकीचे खेळ यांना वेगळे ठेवले. आम्ही ज्याबद्दल लिहीत आहोत तो माल एकदा किंमत मोजून घ्यायचा आणि खेळायचा, पुस्तकासारखा किंवा सिनेमाच्या तिकिटासारखा. त्यात डाव नाही, जुगार नाही.

पहिला माल कसा होता?

पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या लहान कंपनीने 'राजी : अॅन एन्शन्ट एपिक' तयार केला. राजी नावाची एक मुलगी, तिचा धाकटा भाऊ गोलू याला असुर पळवून नेतात आणि ती त्याच्या शोधात निघते, एवढेच कथानक. पण त्यातील महाल, हवेल्या, जाळ्या आणि कमानी राजस्थानी धाटणीच्या होत्या, रंग जुन्या लघुचित्रांसारखे होते आणि मधली गोष्ट सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितली होती. परदेशी गिऱ्हाइकाने असा माल पूर्वी पाहिला नव्हता.

भांडवलाची कथा आपल्या वाचकांना ओळखीची वाटेल. २०१७ मध्ये कंपनीने लोकांकडून आगाऊ वर्गणी गोळा करण्याचा प्रयत्न केला, पण ठरलेली रक्कम जमली नाही. तरीही काम थांबले नाही. पुढे परदेशी प्रकाशक मिळाला आणि ऑगस्ट २०२० मध्ये गेम आधी निन्टेन्डोच्या यंत्रावर, मग ऑक्टोबरमध्ये इतर यंत्रांवर व संगणकावर आला. त्याच वर्षी अमेरिकेतील 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पहिल्या पदार्पणाच्या उत्तम गेमसाठी जी पाच नावे निवडली गेली, त्यात 'राजी'चे नाव होते. बक्षीस दुसऱ्याला मिळाले, परंतु त्या यादीत पुण्याचे नाव लागणे हीच मोठी गोष्ट होती.

दोषही होते आणि ते लपविण्यात अर्थ नाही. माल मापात कमी भरला. चार-सहा तासांत खेळ संपत असे आणि शेवट असा तोडलेला होता की गिऱ्हाइकाला अर्धा ताका हातात आल्यासारखे वाटले. लढाईत हाताला जी सफाई लागते ती कमी होती. नंतर कंपनीने सुधारलेली आवृत्ती काढली, तिच्यात हिंदी आवाजही घातला. गिऱ्हाइकाची तक्रार ऐकून माल दुरुस्त करून देणे हे चांगल्या दुकानदाराचे लक्षण आहे, याची नोंद आम्ही आदराने करतो.

मजुरी आणि मार्का

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. आमच्या नाशिक जिल्ह्यात मालेगाव आहे. तेथे यंत्रमागांचा खडखडाट रात्रंदिवस चालतो. परंतु बहुतेक मागवाला मजुरीवर विणतो. सूत व्यापाऱ्याचे, कापड व्यापाऱ्याचे, मागवाल्याला मीटरवर मजुरी. ते ग्रे कापड बाहेर जाते, राजस्थानात पाली-बालोतऱ्याला धुतले-रंगविले जाते आणि त्याच्यावर छाप पडतो तो दुसऱ्याच कोणाचा. नाशिकच्या मेन रोडवर किंवा दहीपुलाजवळ जे गिऱ्हाईक ते कापड विकत घेते, त्याला ते मालेगावच्या मागावर विणले गेले हे ठाऊकही नसते. नफ्याचा मोठा वाटा ज्याचा छाप त्याच्याकडे राहतो आणि मंदी आली की पहिला माग मजुरीवाल्याचा बंद पडतो.

हिंदुस्थानातील गेमच्या धंद्याचीही बरीच वर्षे हीच गत होती. बंगळुरूत १९९७ मध्ये 'ध्रुव इंटरॅक्टिव्ह' ही कंपनी निघाली, ती या देशातील या धंद्याची पहिली पेढी समजली जाते. तिने आणि तिच्यानंतर आलेल्या अनेकांनी परदेशी कंपन्यांच्या गेमसाठी गाड्या, घरे, झाडे, माणसांचे चेहरे रेखाटून दिले. काम उत्तम केले, मजुरी वेळेवर मिळाली, पण डब्यावर नाव परक्याचे. शेवटी २०१९ मध्ये 'ग्रँड थेफ्ट ऑटो' काढणाऱ्या रॉकस्टार कंपनीनेच 'ध्रुव' विकत घेतली. मजुरीला आम्ही कमी लेखत नाही, तिच्यावर लाखो घरांच्या चुली पेटतात. पण मजुरीवाला कितीही हुशार असला तरी भाव ठरविण्याचा हक्क त्याच्याकडे नसतो.

'राजी'चे महत्त्व यात आहे. हा माल इथल्या माणसांनी आपल्या नावाने विकला. म्हणून त्याचा दुसरा भाग चालतो की पडतो, हा प्रश्न एका कंपनीपुरता राहत नाही. दुसरा भाग चालला तर पुढच्या दहा पोरांना भांडवल देणारा सावकार सापडेल. पडला तर सावकार म्हणेल, तुम्ही आपले मजुरीच करा.

दुसऱ्या भागाकडून काय अपेक्षा ठेवावी?

'राजी : कलियुग'ची घोषणा २०२५ मध्ये झाली, म्हणजे पहिल्या भागानंतर पाच वर्षांनी. घरातील कन्सोल आणि संगणक यांच्यासाठी हा माल जाहीर झाला. पहिल्या भागात खेळणारा दुरून, उंचावरून पाहत असे. दुसऱ्यात तो पात्राच्या पाठीमागून चालतो, म्हणजे महाल आणि शत्रू दोन्ही अंगावर येतात. यासाठी काम कितीतरी पट वाढते. दुरून पाहिलेल्या कापडाची वीण कोणी तपासत नाही, हातात घेतले की प्रत्येक धागा दिसतो. आमच्या अपेक्षा आम्ही गिऱ्हाइकाच्या नात्याने मांडतो.

पहिली अपेक्षा, माप पूर्ण हवे. वीस तासांचा फुगविलेला खेळ नको, पण जी गोष्ट सुरू केली ती शेवटास न्यावी. तिसऱ्या भागासाठी धागा लोंबकळत ठेवण्याचा मोह टाळावा.

दुसरी, लढाईतील सफाई. साहसाच्या गेममध्ये चित्र कितीही देखणे असो, बटण दाबले आणि वार उशिरा पडला तर गिऱ्हाईक परत येत नाही. रंग पक्का आणि सूत कच्चे, असे कापड एका धुण्यात उघडे पडते.

तिसरी, भाषा. पहिल्या भागात हिंदी आवाज नंतर जोडावा लागला. दुसऱ्या भागात हिंदी पहिल्या दिवसापासून असावी आणि पुण्याच्या कंपनीने मराठीलाही मान द्यावा.

चौथी, किंमत. आमच्या नाशिकमधील बहुतेक घरांत महागडे कन्सोल नाही, मोबाईल मात्र प्रत्येक हातात आहे. पहिला भाग पुढे नेटफ्लिक्सच्या ग्राहकांसाठी मोबाईलवरही आला होता. दुसऱ्या भागानेही कधी ना कधी तो रस्ता धरावा, नाहीतर माल इथला आणि गिऱ्हाईक सगळे बाहेरचे, असे होईल.

पाचवी आणि महत्त्वाची अपेक्षा तारखेची. माल तयार झाल्याशिवाय तारीख देऊ नये. मोठमोठ्या पेढ्यांचे काय झाले ते पाहा. 'ग्रँड थेफ्ट ऑटो'चा सहावा भाग २०२५ मध्ये येणार म्हणून गाजला. मे २०२५ मध्ये कंपनीने तारीख २६ मे २०२६ वर नेली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ती पुन्हा सरकवून १९ नोव्हेंबर २०२६ केली. एवढ्या मोठ्या कंपनीचे गिऱ्हाईक थांबते. लहान कंपनीने अशी तारीख दोनदा हुकविली तर तिची पत जाते. उशीर परवडतो, वायदा मोडणे परवडत नाही.

उशिराबद्दल आमच्या उर्दू शाळेत शिकलेल्या पिढीला वेगळे सांगायला नको. इब्ने सफी यांच्या जासूसी कादंबऱ्यांवर ही पिढी वाढली. १९६० नंतर सुमारे तीन वर्षे ते आजारी होते आणि लिखाण बंद पडले. बाजार रिकामा पाहून त्यांच्या नावाशी मिळतीजुळती नावे लावून कित्येकांनी पुस्तके काढली. १९६३ मध्ये 'डेढ मतवाले' आली आणि वाचक अस्सल मार्क्याकडे परत वळले. माल अस्सल असेल तर गिऱ्हाईक थांबते, हा त्यातला धडा आहे.

आपल्या गोदामातला माल

'राजी'च्या कथेत दुर्गा आणि विष्णू यांचा वावर आहे. आमच्या काही वाचकांना ही गोष्ट आपल्या घरातली वाटणार नाही. आम्ही त्यांना एवढेच सांगू की दुसऱ्याने आपल्या गोदामातला माल बाहेर काढून विकला, आता आपण आपले गोदाम पाहावे. लखनौत मुन्शी नवल किशोर यांच्या छापखान्याने 'दास्तान-ए-अमीर हमजा'चे ४६ खंड काढले. तिलिस्म, अय्यार, जादूचे किल्ले, बंद दरवाजे, एकातून दुसरी निघणारी मोहीम. साहसाच्या गेमला जे जे लागते ते सर्व त्यात भरलेले आहे आणि त्यावर धूळ साचली आहे.

हुनर आपल्याकडे नाही असेही नाही. येवल्यात पैठणीची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर मांडतात, एकेक चौकट मोजून. संगणकाच्या पडद्यावरील चित्रही अशाच बारीक चौकटींचे बनलेले असते. मालेगावच्या पोरांनी २००० मध्ये तुटपुंज्या पैशांत 'मालेगाव के शोले' काढला आणि त्यांच्या धडपडीवर २०२५ मध्ये मुंबईच्या मोठ्या निर्मात्यांचा सिनेमा पडद्यावर आला. उणीव आहे ती शिक्षणाची, भांडवलाची आणि बाजाराच्या माहितीची.

म्हणून व्यापारी बंधूंना आमच्या तीन सूचना आहेत. एक, कोणत्याही गेमचा माल डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मुलांना आगाऊ पैसे भरू देऊ नका. नमुना न पाहता बयाणा देणारा व्यापारी आम्ही तरी पाहिला नाही. दोन, माल पसंत पडला तर रोख देऊन घ्या, चोरीची नक्कल घेऊ नका. आपल्या मार्क्याची नक्कल झाली की आपण ओरडतो, तोच न्याय इथेही लागतो. तीन, मुलगा किंवा मुलगी रात्रंदिवस खेळते म्हणजे ती गेम बनवील, असे समजू नका. कापड नेसणारा प्रत्येक जण विणकर होत नाही. पण ज्याला चित्राचा हात आहे, गोष्ट रचता येते किंवा गणित चांगले आहे, त्याला हा रस्ता दाखवा. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने अॅनिमेशन, गेमिंग आदी धंद्यांसाठी धोरण मंजूर केले आहे. त्यात कोणत्या सवलती आहेत, त्या नाशिक-मालेगावपर्यंत कशा पोचतील, याची चौकशी आपल्या व्यापारी संघटनांनी करावी. पुणे येथून दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, सूत आणायला आपण याहून लांब जातो.

'राजी'चा दुसरा भाग मापात पूर्ण आणि विणीत पक्का निघो, ही आमची इच्छा आहे. तो तसा निघाला तर फायदा पुण्याच्या एका पेढीचा होईलच, पण मजुरीवर विणणाऱ्या गावातील एखाद्या पोराला आपल्या नावाचा छाप मारण्याची हिंमतही त्यातून मिळेल.