सव्वीस तारखेची डाळ

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. तारीख २६. संध्याकाळी कुकर लावायला म्हणून तुरीच्या डाळीचा डबा उघडला, तर तळाशी जेमतेम मूठभर डाळ. पगार व्हायला पाच दिवस, पर्समध्ये दोनशे चाळीस रुपये, आणि ह्यांच्यापुढे हात पसरायचा नाही असं मनाशी ठरवलेलं. कारण त्या महिन्यात तो दोनदा पसरून झाला होता! शेवटी त्या मूठभर तुरीत दोन मुठी मसूर घातली नि वेळ मारून नेली. जेवताना सासूबाई म्हणाल्या, "आज आमटीला चव वेगळीच आलीय गं." चांगली की वाईट, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

आमचं घर पाच माणसांचं. सासूबाई, आम्ही दोघं, दहावीतली मुलगी आणि सहावीतला मुलगा. ह्यांची पतसंस्थेत नोकरी. मी एका शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. पैसे तासांप्रमाणे, त्यामुळे मे महिन्यात तास नाहीत आणि पैसेही नाहीत. वर्षाचे गहू-ज्वारी आम्ही उन्हाळ्यात एकदम भरतो. दूध आणि गॅस ह्यांच्याकडे. बाकीचा किराणा नि भाजीपाला माझ्याकडे, त्याला महिना ६,००० रुपये. मुलीच्या क्लासची फी सुरू झाल्यापासून हा आकडा वाढायला जागाच उरलेली नाही. आणि त्या महिन्यात माझे गेले होते ७,४००.

अशा वेळी आपण बायका काय करतो? महागाईला बोल लावतो. मीही लावला. महागाई आहेच, ते काही खोटं नाही. पण एका रविवारी दुकानाच्या पावत्या आणि फोनवरून दिलेल्या पैशांची यादी घेऊन वही उघडली, तेव्हा निराळीच गंमत दिसली. महिन्याच्या यादीचा किराणा होता ३,९०० चा. भाजी-फळं २,०००. इथपर्यंत सगळं हिशेबात. उरलेले दीड हजार गेले होते ‘येता येता’! शाळेतून येता येता बिस्किटं, क्लासवरून येता येता नूडल्सची पाकिटं, घरात रवा असताना आणखी अर्धा किलो रवा, पाहुणे आले म्हणून फरसाण, तेल संपलं म्हणून छोटी पिशवी. फोनवरून पैसे दिले की पर्स हलकी होत नाही ना, म्हणून ते गेलेले जाणवतही नाहीत.

तेव्हा पहिला नियम केला. यादीबाहेरची फेरी फक्त शनिवारी. मंगळवारी काही संपलं तर शनिवारपर्यंत त्याच्यावाचून चालवायचं. खरं सांगते, दहातल्या सात वेळा शनिवार येईतो त्या वस्तूची आठवणही राहत नाही. भाजीचे दोन हजार चार पाकिटांत पाचशे-पाचशे रोख ठेवले. महिन्याच्या शेवटचे जे दोन-तीन दिवस उरतात ते कडधान्यांवर काढायचे.

दुसरी गोष्ट तेलाची. आमच्याकडे महिन्याला ४ लिटर तेल लागत होतं. आहारतज्ज्ञ माणशी महिन्याला साधारण अर्धा लिटर पुरे म्हणतात. त्या हिशेबानं आम्हाला अडीचच लागायला हवं. मी डबा वरच्या फळीवर ठेवला आणि दर सोमवारी साडेसहाशे मिलिलिटर तेल मापून बुधलीत काढायला लागले. आठवडाभर तेवढंच वापरायचं. पहिल्या आठवड्यात गुरुवारीच बुधली रिकामी! तेव्हा कळलं की आपला हात फोडणीला किती सैल आहे. आता तीन लिटरच्या आत भागतं. तळण महिन्यातून दोनदाच, तेही अगोदर सांगून ठेवून, म्हणजे मुलं वाट बघतात नि चवीनं खातात.

आता स्वयंपाकाबद्दल. काटकसर म्हणजे पाणीदार आमटी असा एक समज आहे. तो मुलांच्या आणि नवऱ्यांच्या मनातून काढून टाकायला हवा. पाव किलो कोरडी मटकी भिजवून मोड आणली की जवळजवळ दुप्पट भरते. एवढ्यात पाच माणसांची उसळ होऊन सकाळच्या डब्याला मूठभर उरते. तुरीच्या डाळीत तिसरा हिस्सा मसूर आमच्याकडे आता कायमचीच झाली आहे. (सासूबाईंनी मौन सोडलं आहे. चव चांगली, असा निकाल मिळाला.) आठवड्यातून एकदा रात्री चकोल्या. कणकेत तिखट-मीठ-हळद आणि जरासा ओवा घालायचा, पोळी लाटून शंकरपाळ्यासारखे तुकडे कापायचे आणि उकळत्या आमटीत सोडायचे. वर चमचाभर तूप. त्या दिवशी भाजी नको, पोळ्या नकोत, गॅसही एकच पेटतो. सकाळचं वरण उरलं असेल तर ते त्या आमटीत जातं नि कुणाला पत्ताही लागत नाही.

मुळा घेतला तर पाला टाकू नका. चिरून, भिजवलेली हरभऱ्याची डाळ घालून त्याची परतून भाजी होते. एका मुळ्याच्या जुडीत एक कोशिंबीर नि एक भाजी. कोथिंबिरीच्या कोवळ्या काड्या वाटणात. फ्लॉवरचे आतले देठ सोलून रश्श्यात. तूप कढवल्यावर उरलेली बेरी कणकेत मळली की पोळ्या लुसलुशीत होतात. शिळ्या पोळ्यांचा कुस्करा तर काय, सगळ्यांनाच माहीत आहे.

काही ठिकाणी फसलेही. ‘एकावर एक फुकट’ म्हणून पावसाळ्यात चार किलो पोहे आणले. निम्म्यांत किडे झाले आणि चाळण्यात दोन दुपारी गेल्या. तेव्हापासून पोहे, रवा, बेसन महिन्यापुरतंच. डाळ मात्र नव्या तुरीची आवक सुरू झाली की, फेब्रुवारी-मार्चमध्ये, चांगली कोरडी बघून तीन-चार महिन्यांची घ्यावी.

तर असं करत करत जानेवारी महिना मी ५,६६० रुपयांत काढला. वहीत लाल शाईनं आकडा लिहून ह्यांना दाखवला. फार अभिमान वाटला होता, खोटं कशाला बोलू?

फेब्रुवारीत एके दिवशी सातवीच्या वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता डोळ्यांपुढे अंधारी आली. मुलींनी खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन ९.१. आपल्या वयाच्या बाईचं निदान १२ तरी असायला हवं. "खाणं काय असतं तुमचं?" डॉक्टरांनी विचारलं. मी सांगायला लागले, वरण, भाजी, पोळी... सासूबाई बरोबर आल्या होत्या. त्या मध्येच म्हणाल्या, "थांब. ती काय खाते ते मी सांगते."

आणि त्यांनी सांगितलं. आमटी चौघांना वाढून झाली की भांड्याला लागलेली तेवढी माझी. उसळ डब्यात गेली की मी लोणच्याशी पोळी खाते. दुपारी शाळेतून आल्यावर चहा नि कालची पोळी. जानेवारीपासून तर दूधही बंद, मुलांना पुरावं म्हणून. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. माझं मलाही नीटसं कळलं नव्हतं. लाल शाईच्या आकड्यातले किती रुपये माझ्या ताटातून गेले, ते वहीत लिहिलेलंच नव्हतं.

रिक्षातून येताना सासूबाई १९७२ च्या दुष्काळाबद्दल बोलत होत्या. तेव्हा त्या बारा वर्षांच्या. रेशनवर लाल मिलो मिळायचा, त्याच्या भाकरी. त्यांची आई सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलासुरला तुकडा पाण्याबरोबर खायची. "तेव्हा घरात नव्हतंच गं," त्या म्हणाल्या. "तुझ्या घरात आहे."

मैत्रिणींनो, २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांमागे सत्तावन्न जणींना रक्तक्षय आढळला होता. म्हणजे मी एकटी नव्हे. हे वाचणाऱ्या दोघींपैकी एक तरी माझ्याच पंगतीतली असायची.

आता आमच्याकडे रात्री सगळे एकदम बसतात. आमटीच्या पाच वाट्या आधी भरायच्या, मग पातेलं बाजूला. कुणाला आणखी हवी असेल तर उरलेल्यातली घ्यावी, उरली नसेल तर ताक. पहिले काही दिवस मुलगा कुरकुरला. मग एके दिवशी मी पोळ्या करत असताना आपणहून माझी वाटी भरून त्यानं वर ताटली झाकून ठेवली. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, त्या घेतेच आहे. जेवणाबरोबर चहा घ्यायचा नाही, उसळीवर नि पालेभाजीवर लिंबू पिळायचं, हेही त्यांचंच सांगणं. मधल्या वेळेला मी शेंगदाणे नि गुळाचा खडा खाते.

ह्यांनी न मागता पाचशे वाढवून दिले. मी तीनशे घेतले, खजूर आणि फळांसाठी, आणि बदल्यात ह्यांचं दर आठवड्याचं फरसाण दर पंधरवड्यावर आणलं. तेव्हा आता माझा आकडा ६,३०० आहे. गेल्या महिन्यात ६,२१० झाले. हिमोग्लोबिन १०.८ वर आलं आहे. दोन्ही आकडे मी आता त्याच वहीत, एकाखाली एक लिहिते.

जागा उरली आहे तर दोडक्याच्या शिरांची चटणी देते. दोघी-तिघींनी शाळेत विचारली होती. दोडका सोलताना निघालेल्या शिरा बारीक चिरून वाटीभर घ्याव्यात. दोन चमचे तेलावर मंद आचेवर परतत राहावं. दहा-बारा मिनिटांत त्या कुरकुरीत होतात. उतरवायच्या आधी दोन चमचे तीळ नि दोन चमचे किसलेलं सुकं खोबरं घालून गुलाबीसर करावं. मग दोन चमचे दाण्याचं कूट, तिखट, मीठ, चिमूटभर साखर. हातानंच चुरडायची, मिक्सरमध्ये पीठ होतं. दोडका कोवळा बघून घ्यावा, जून असेल तर शिरा कितीही परतल्या तरी चिवट राहतात.