राबणे वेगळे, दम लागेल असे चालणे वेगळे

"दिवसभर रानात राबतो, आम्हाला कसला आलाय व्यायाम?" असे गावोगाव ऐकू येते. एका पिढीपूर्वी ते खरे होते. बैलांच्या नांगराने एक एकर रान नांगरायचे म्हणजे, तास वीतभर रुंद धरले तरी, १७-१८ किलोमीटरची चाल होते, तीही ढेकळांतून. आता ट्रॅक्टरवर बसल्या जागी ते काम उरकते, पंप मोबाईलवरून चालू होतो आणि मोटारसायकल बांधापर्यंत जाते. खुरपणीने कंबर मोडते खरी, पण दम लागत नाही. तलाठी, ग्रामसेवक, सोसायटीचे सचिव यांचे तर बोलायलाच नको. दुचाकीवरून उतरून खुर्चीपर्यंत जायचे, एवढीच त्यांची चाल.

याचा हिशेब रक्तात आणि मेंदूत निघतो. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणे सांगितली. शरीराला हालचाल नसणे त्यात आधीपासून होते. मध्यम वयात वाढलेले एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, नव्याने आले. आपल्याकडे 'साठी बुद्धी नाठी' म्हणून हा विषय हसण्यावारी जातो. पण हप्ता भरला की नाही ते आठवेना, कोणत्या कागदावर अंगठा उठवला ते सांगता येईना, अशी वेळ कर्त्या माणसावर आली म्हणजे सारे घर हलते.

मग किती जोराने चालावे? अमेरिकेत १२० वयस्कर माणसांवर झालेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. निम्मी माणसे वर्षभर, आठवड्यातून ३ दिवस, ४० मिनिटे चालली. बाकीच्यांनी अंग ताणण्याचे हलके व्यायाम केले. चालणाऱ्यांच्या मेंदूतला आठवणीशी संबंधित भाग सुमारे २ टक्के वाढला, इतरांचा १.४ टक्के घटला. धावायची गरज कोणाला पडली नाही. कोलेस्टेरॉलचेही तसेच. २००२ सालच्या दुसऱ्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले की जोरापेक्षा आठवड्याची एकूण चाल जास्त कामाची. आठवड्याला ३२ किलोमीटर हळू धावण्याइतका व्यायाम करणाऱ्यांना सर्वांत जास्त फायदा झाला. रिपोर्टातला वाईट कोलेस्टेरॉलचा आकडा मात्र फारसा हलला नाही. सुधारले ते त्यातल्या कणांचे स्वरूप आणि चांगले कोलेस्टेरॉल. तेव्हा चालायला लागलो म्हणून डॉक्टरांची गोळी परस्पर बंद करू नये.

जागतिक आरोग्य संघटनेचे माप आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम जोराच्या, किंवा ७५ ते १५० मिनिटे जास्त जोराच्या व्यायामाचे आहे. घड्याळ-यंत्र काही लागत नाही. चालताना बोलता येते पण अभंग म्हणता येत नाही, तो मध्यम जोर. दोन-चार शब्दांतच धाप लागते, तो जास्त जोर. छातीत दुखत असेल, चालताना चक्कर येत असेल, बीपी-साखर असेल, तर आधी आरोग्य केंद्रात दाखवावे. पन्नाशीच्या गड्याने पोरांच्या पोलीस भरतीच्या सरावात एकदम उडी घेऊ नये.

खरी अडचण चालायचे कुठे ही आहे. डांबरी रस्त्यावर पहाटे उसाच्या ट्रॉल्या, मागे दिवा नाही. बायकांनी तर निघायचेच कसे? गावाला पाणंदी आहेत, पण अर्ध्या बांधात गेल्या, उरलेल्या बाभळीत. अतिक्रमण काढा म्हटले की भाऊबंदकी आडवी येते, हे तलाठ्यांना आम्ही सांगायला नको. पण मोजणी करून एक तरी पाणंद मोकळी झाली, मुरूम पडला, तर माल काढायची सोय होईल आणि सकाळी अर्धे गाव तिथून चालू शकेल. तोवर शाळेचे मैदान पहाटे ५ ते ७ उघडे ठेवायला पैसा लागत नाही. येत्या ग्रामसभेत हा ठराव कोणीही मांडू शकतो, आणि फाटकाची किल्ली कोणाकडे राहील तेही तिथेच ठरवून घ्यावे.