इंजिन बांधणाऱ्यांस चार शब्द

भाषा आणि इतिहास शिकविणाऱ्या मास्तराने मोटारीच्या इंजिनाविषयी लिहावे, याचे कित्येकांस नवल वाटेल. आमची मातृभाषा कोंकणी, बालपण समुद्रकाठी गेले आणि पोटापाण्यासाठी आम्ही मैलूरच्या या तांबड्या मातीत आलो. इंजिनाशी आमचा परिचय मच्छीमारांच्या होड्यांपुरताच. तथापि गेल्या वर्षी असा एक प्रसंग घडला की, त्यावर आपले मत मांडल्यावाचून आम्हांस राहवत नाही.

आमचा एक माजी विद्यार्थी जुन्या डिझेल मोटारीवर भाड्याच्या फेऱ्या करून घर चालवितो. इंजिन झिजले, तेव्हा ते नव्याने बांधतानाच त्याची शक्तीही वाढवून घ्यावी, असे त्याने मनात घेतले. पतसंस्थेचे कर्ज काढले आणि त्यातील बहुतेक रक्कम एका मोठ्या टर्बोवर खर्च केली. बाकीचे भाग जुनेच बसविले. दोन महिने मोटार वाऱ्यासारखी धावली. तिसऱ्या महिन्यात हुमनाबादच्या रस्त्यावर पांढरा धूर ओकीत ती उभी राहिली. मिस्त्रींनी हेड उतरविले, तो गॅस्केट फुटलेली, हेडचे बोल्ट ताणलेले, ऑइलमध्ये पाणी मिसळून त्याची दुधाळ साय झालेली आणि बेअरिंगे खरवडलेली. मोटार बंद पडली. कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहिले.

मिस्त्रींनी ते सर्व भाग गोणपाटावर मांडून आम्हांस दाखविले. मोठा टर्बो तेवढा शाबूत होता!

हे असे का व्हावे? टर्बोची कल्पना मुळात फार सुंदर आहे. इंजिनातून वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरते. त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून सिलिंडरात भरते. हवा अधिक म्हणून इंधन अधिक जाळता येते आणि शक्ती वाढते. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली या युक्तीचे पेटंट घेतले. पण तिला खरे यश येण्यास १९२५ साल उजाडले. मधली वीस वर्षे पुष्कळ काही सांगून जातात. हवा दाबणे सोपे होते. तो दाब सोसणारे आणि त्याच्याशी मेळ राखणारे इंजिन उभे करणे कठीण होते.

आमच्या विद्यार्थ्याने नेमके हेच ध्यानी घेतले नाही. दाब वाढला की तो एकट्या टर्बोपाशी थांबत नाही. तो पिस्टनच्या माथ्यावर आदळतो, कनेक्टिंग रॉडमधून बेअरिंगांवर उतरतो, हेडला वर उचलू पाहतो आणि बोल्ट ताणतो. दाबलेली हवा तापते, म्हणून ती थंड करणारा इंटरकूलर लागतो. टर्बोचा दांडा मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो आणि बहुधा तो ऑइलच्या पातळ थरावरच तरंगतो; म्हणून त्यास ऑइल पोचविणारी नळी स्वच्छच हवी. शिवाय टर्बो जितका मोठा, तितका तो गती घेण्यास आळशी. लहान असेल तर चटकन जागा होतो, पण वरच्या वेगात त्याचा दम अपुरा पडतो.

याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे पूर्वी तयार होत असलेले फियाटचे १२४८ घनसेंटीमीटरचे डिझेल इंजिन अनेकांच्या परिचयाचे असेल. त्याचा एक प्रकार सुमारे ७५ अश्वशक्तीचा, तर दुसरा सुमारे ९० अश्वशक्तीचा होता. आकारमान तेच! दुसऱ्या प्रकारात, वेगाप्रमाणे आपल्या पात्यांचा कोन बदलणारा टर्बो होता. म्हणजे केवळ मोठा भाग न निवडता योग्य भाग निवडला आणि त्याच्याशी इंधनाचा हिशेब जुळविला. निवड ही अशी असते.

आमचे मत असे की, इंजिन बांधताना भागांची निवड सर्वांत दुबळ्या भागापासून सुरू करावी. प्रथम विचारावे, ही शक्ती कशासाठी? मग इंजिन खोलून मायक्रोमीटरने बोअर आणि क्रँक मोजावा. त्यानंतर गॅस्केट, बोल्ट, बेअरिंगे, पिस्टन, ऑइलपंप व रेडिएटर हे दाब आणि उष्णता सोसणारे भाग निवडावेत. टर्बोची पाळी त्यानंतरची. ब्रेकचा विचार तर प्रारंभीच हवा. कारण वेग ताशी ६० किलोमीटरवरून ९० केला, तर गतिज ऊर्जा दीडपट नव्हे, सव्वादोनपट होते. हे गणित आपल्या शाळेत शिकविले जाते. ते परीक्षेपुरते आहे असे मात्र कोणी समजू नये.

कायद्याचेही भान ठेवावे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरबदल मालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. ज्यांस शक्तीचे प्रयोग करावयाचे असतील, त्यांच्यासाठी चेन्नई, कोइमतूर येथे शर्यतीचे मार्ग आहेत. भाड्याच्या मोटारीस मूळ मापाचे, विश्वासू इंजिनच शोभते. पहिलाच प्रश्न नीट विचारला असता, तर आमच्या विद्यार्थ्यास टर्बो बदलण्याचे कारणच उरले नसते.

काही पालक म्हणतील, ‘मुलांनी या इंजिनाच्या नादी लागूच नये.’ हे आम्हांस मान्य नाही. जो मुलगा इंजिन खोलून पाहतो, त्याची जिज्ञासा जिवंत आहे. त्या जिज्ञासेस मापाची जोड द्यावी, एवढेच आमचे मागणे आहे. वर्षातून एक दिवस अशा एखाद्या अनुभवी मिस्त्रींना सन्मानाने शाळेत बोलवावे आणि गणिताच्या तासाला मायक्रोमीटर मुलांच्या हाती द्यावा.

तो विद्यार्थी आज त्याच मिस्त्रींच्या हाताखाली काम शिकत आहे. मोटार मूळ मापाने पुन्हा बांधली गेली असून कर्जही हळूहळू फिटत आहे. परवा आम्ही तेथे गेलो, तेव्हा कोणी एक तरुण मोठ्या टर्बोची चौकशी करीत होता. आमच्या विद्यार्थ्याने हात पुसले आणि शांतपणे विचारले, ‘दादा, आधी सांगा, तुमचे हेडचे बोल्ट कसे आहेत?’