वर्गातली लय: पाढे, अक्षरे आणि मात्रा

वाचन, गणित आणि विज्ञान शिकवताना लयीकडून दोन वेगळी कामे करून घेता येतात. पहिले पाठांतराचे. शब्दांचा क्रम तालात बसला की एक ओळ पुढच्या ओळीला ओढून आणते. दुसरे समजुतीचे. शिकवायच्या गोष्टीची रचनाच लयीत उतरते आणि टाळीतून ती मुलाच्या हाताला लागते. मराठी शाळांत पहिले काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. दुसऱ्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही, आणि लयीचे खरे बळ तिथेच आहे.

पहिल्या कामाचा उत्तम नमुना म्हणजे पाढे. ‘बे त्रिक सहा’ यात ‘गुणिले’ नाही, ‘बरोबर’ही नाही, उरतात तीन शब्द आणि एक ठेका. पूर्वी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकीही मुले अशीच म्हणत. १९५७ साली दशमान नाणी आली आणि आणे-पैंच्या हिशेबाबरोबर हे पाढेही मागे पडले. पाठांतराला कमी लेखण्याचे कारण नाही. ज्याला गुणाकार तोंडपाठ असतात, त्याचे लक्ष मोठ्या भागाकारात उदाहरणाकडे राहते. अडचण येते ती क्रमाची. ‘सात आठे किती?’ असे मध्येच विचारले की अनेक मुले मनात ‘सात एके’पासून धावत येतात. त्यावर उपाय लयीतच सापडतो. चार मात्रांचा संथ ठेका धरावा. पहिल्या दोन मात्रांत शिक्षकाचा प्रश्न, तिसरी मात्रा रिकामी, चौथीवर मुलाचे उत्तर. प्रश्न मात्र क्रमाने विचारू नयेत.

वाचनाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, कारण मराठी मुलाच्या कानावर पडणारे तुकडे आणि कागदावरची अक्षरे नेहमी जुळत नाहीत. ‘कमळ’ बोलताना दोन टाळ्या पडतात, क-मळ. कागदावर अक्षरे तीन. ‘घर’ला टाळी एकच, अक्षरे दोन. ‘चिमणी’ तोंडात चिम्-णी होते. शब्दांतला हा न उच्चारलेला ‘अ’ मोठ्यांच्या लक्षातही येत नाही, पण अक्षरओळख नुकतीच झालेल्या मुलाला तो अडवतो. इथे गाणे फार मोलाची मदत करते. ओवी-अभंगात अक्षरे मोजली जातात. मोठ्या अभंगाच्या चार चरणांत सहा, सहा, सहा आणि चार. म्हणून बोलण्यात गळलेला ‘अ’ गाण्यात परत येतो आणि ‘कमळ’ पुरते तीन अक्षरांचे होते. तेव्हा एकच शब्द दोन प्रकारे घ्यावा: आधी रोजच्या बोलण्यातल्या टाळ्या, मग संथ चालीत प्रत्येक अक्षराला एक ठोका, आणि त्या ठोक्याबरोबर अक्षरावर बोट.

जोडाक्षरांत हाच पेच उलटा होतो. ‘पुस्तक’ म्हणताना टाळी पुस्-तक अशी पडते. लिहिताना मात्र ‘स्’ पुढच्या ‘त’ला चिकटतो. ‘पुसतक’ लिहिणाऱ्या मुलाचा कान चुकलेला नसतो. जोडाक्षरापूर्वीचे अक्षर गुरू होते, हा वृत्तांचा नियम त्याच्याच बाजूचा आहे, कारण अर्ध्या ‘स्’चा भार ‘पु’वरच पडतो. अशा चुकीवर लाल रेघ ओढून काही साधत नाही. टाळी कुठे पडली आणि अक्षर कुठे जोडले, हे दोन्ही शेजारी शेजारी दाखवावे लागते. नादाला अक्षराची जोड हवी, याला संशोधनाचाही आधार आहे. ब्रॅडली आणि ब्रायंट यांनी १९८३ साली इंग्रजी शिकणाऱ्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. शब्दांतले समान ध्वनी ओळखण्याच्या सरावाबरोबर सुटी अक्षरेही हाताळायला मिळालेली मुले त्यात वाचनात सर्वांत पुढे गेली.

गणितात तालाचे बोल फळ्यापेक्षा लवकर काम करतात. एका मात्रेत ‘तक’ म्हटले तर प्रत्येक अक्षराला अर्धी मात्रा, ‘तकिट’ म्हटले तर एक तृतीयांश, ‘तकधिमि’ म्हटले तर पाव. तीन हे दोनांपेक्षा मोठे, म्हणून एक तृतीयांश अर्ध्याहून मोठा, अशी समजूत पुष्कळ मुलांची असते. तोच ठेका कायम ठेवून ‘तक’वरून ‘तकिट’वर गेले की अक्षर आखूड करावे लागते आणि ती समजूत जिभेवरच मोडते. एका गटाने दुगुन (मात्रेत दोन टाळ्या) आणि दुसऱ्याने तिगुन (मात्रेत तीन) धरली की दोघे फक्त मात्रेच्या आरंभी भेटतात. दोन्हींच्या टाळ्या एकाच पट्टीवर मांडायच्या तर मात्रेचे सहा भाग करावे लागतात. समच्छेद म्हणतात तो हाच. एका बाजूला सहा मात्रांचा दादरा आणि दुसऱ्या बाजूला आठ मात्रांचा केहरवा एकदम सुरू केला, तर दोन्ही समा, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रा, चोवीस मात्रांनी पुन्हा एकत्र येतात, आणि लसावि ऐकू येतो.

वरच्या वर्गांना तिहाई द्यावी. एकच बोल तीनदा, मध्ये दोन सारखे विराम, आणि शेवटचा ठोका समेवर. सोळा मात्रांच्या त्रितालात समेपासून निघून पुढच्या समेवर यायचे, तर दोन्ही समा धरून सतरा मात्रा भरतात. बोल पाच मात्रांचा घेतला तर विराम एक मात्रेचा, तीनचा घेतला तर चारांचा. चार मात्रांचा बोल पूर्ण मात्रांच्या विरामाने बसतच नाही. का बसत नाही, हे शोधताना मुले समीकरणच सोडवत असतात. भारतीय परंपरेत लय आणि गणिताचा हा संबंध जुना आहे. बाराव्या शतकात हेमचंद्राने लघु-गुरूंच्या रचना मोजल्या: चार मात्रांच्या पाच, पाच मात्रांच्या आठ, सहांच्या तेरा. हीच संख्यामालिका असलेला फिबोनाचीचा ग्रंथ १२०२ सालचा, म्हणजे त्यानंतरचा.

विज्ञानाची गाणी बहुधा नावांच्या याद्या असतात. यादी पाठ होते, पण चूक झाली तर तीही पाठच राहते. २००६ साली प्लूटो ग्रहांच्या यादीतून वगळला गेला, तरी नऊ ग्रहांच्या चाली मुलांच्या तोंडी राहिल्या. विज्ञानात लय आणि नाद यांना प्रयोगाचे साधन करणे अधिक फलदायी. काचेच्या बाटल्यांत कमी-जास्त पाणी घेऊन चमच्याने वाजवले तर जास्त पाण्याचा स्वर खाली उतरतो. त्याच बाटल्यांच्या तोंडावर फुंकर घातली तर जास्त पाण्याचा स्वर चढतो. पहिल्यात काच आणि पाणी थरथरते, दुसऱ्यात वरची हवा, आणि पाणी वाढले की हवेचा स्तंभ आखूड होतो. कारण सांगण्याआधी मुलांकडून अंदाज जरूर घ्यावा.

लय हे घड्याळही आहे. गॅलिलिओने उतरत्या फळीवरच्या गोळीचा वेळ संगीताच्या ठेक्यावर जोखला असावा, असा तर्क इतिहासकार स्टिलमन ड्रेक यांनी १९७५ साली मांडला. गॅलिलिओचे वडील वादक होते. खाच असलेल्या लांब फळीचे एक टोक वीतभर उचलावे, तिच्याभोवती बारीक रबरबँड चढवावेत, आणि गोळीची प्रत्येक टकटक वर्गाच्या एकसारख्या टाळीवर येईपर्यंत ते सरकवावेत. पहिला दहा सेंटिमीटरवर असेल तर पुढचे चाळीस, नव्वद आणि एकशे साठच्या आसपास येतात.

संगीत शिकल्याने बुद्धी वाढते, हा प्रचार मात्र शाळांनी करू नये. मोत्सार्टचे संगीत ऐकून बुद्धी वाढते अशा १९९३ च्या ‘मोत्सार्ट परिणामा’चा बोलबाला झाला, पण मूळ प्रयोग महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरचा होता आणि परिणाम काही मिनिटांचाच होता. साला आणि गोबे यांनी २०२० साली मुलांवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. तुलनेच्या गटालाही संगीताऐवजी दुसरे काही शिकवलेले असेल, तिथे संगीतशिक्षणाचा अभ्यासातला लाभ जवळजवळ दिसेनासा होतो. याउलट २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातील प्रयोगात तिसरीच्या मुलांना अपूर्णांकच स्वरचिन्हांच्या कालमानातून शिकवले गेले, आणि ती मुले अपूर्णांकांत पुढे गेली. संगीत संगीतासाठी शिकवावे, त्याला गुणांची सबब लागत नाही; गणिताच्या तासाला मात्र लयीत गणितच असायला हवे.

ठेका थांबवायचा केव्हा, हेही शिक्षकानेच ठरवायचे असते. पहिलीतले मूल कविता सुरात म्हणते, पान उलटते, आणि ते वाचते आहे असे वाटते. ओळीच्या मध्येच थांबवून ‘हा शब्द कुठे आहे?’ असे विचारावे. बोट भलतीकडे गेले तर ती कविता पाठ आहे, वाचन अजून व्हायचे आहे. मग त्याच कवितेतले शब्द सुट्या पट्ट्यांवर लिहून उलटसुलट समोर ठेवावेत, आणि त्या वेळी टाळी धरू नये.