समुद्र पाहणे ही चैन आहे काय?

आपल्याकडे प्रवासाला कारण लागते. लग्न, मयत, यात्रा, दवाखाना, कोर्टाची तारीख, नाहीतर मुंबईची नोकरी. यांपैकी काहीच नसताना माणूस चार दिवस घराबाहेर राहिला, तर तो पैसेवाला तरी असावा किंवा त्याचे डोके तरी फिरलेले असावे, अशी आमच्या पाटण भागातील समजूत आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी आणि आण्णा, म्हणजे माझे वडील, मोटारसायकलवरून गुहागर ते मालवण असा किनारा पाहून आलो. जाऊन-येऊन सुमारे सहाशे किलोमीटर. परतल्यावर गावात दोनच प्रश्न विचारले गेले. पहिला, "नुसता समुद्र बघायला?" आणि दुसरा, जरा हळू आवाजात, "आन् पोरीला घिऊन?"

आण्णांनी दोन्ही प्रश्नांना उत्तर दिले नाही. त्यांचा तो स्वभाव नाही. ते काम मी या अंकातून करते आहे.

पहिल्या प्रश्नाच्या मुळाशी पैसा आहे, तेव्हा हिशेबच मांडते. आमची गाडी शंभर सी.सी.ची. पेट्रोलला तेराशेच्या आत रुपये गेले. एक रात्र गुहागरला, एक गणपतीपुळ्याच्या भक्तनिवासात, एक मालवणात एका घरगुती खोलीत. आईने बांधून दिलेल्या भाकरी दीड दिवस पुरल्या. दोघांचा एकूण खर्च अठ्ठेचाळीसशे रुपये. आमच्या आळीत एका वरातीत जे कर्णे लावतात त्यांचे एका रात्रीचे भाडे याच्या कितीतरी पट असते. त्याला कोणी चैन म्हणत नाही, रीत म्हणतात!

पण मला वाटते, खरी गोष्ट पैशाची नाहीच. किनाऱ्याच्या रस्त्याची जी चित्रे आपण जाहिरातींत आणि मोबाईलवर पाहतो, त्यांत लाखालाखांच्या गाड्या असतात, कातडी जाकिटे असतात, काळे चष्मे असतात. दुधाच्या किटल्या कुठेच नसतात. आमच्या घरची मोटारसायकल पहाटे डेअरीला दूध नेते, दुपारी वैरणीचा भारा आणते आणि मध्ये वेळ मिळाला तर मला एस.टी.च्या थांब्यावर सोडते. किटल्या अडकवायचे लोखंडी आकडे काढायला सवड नव्हती, म्हणून आम्ही त्यांनाच कपड्यांच्या पिशव्या अडकवल्या. आण्णांनी समुद्र पूर्वी पाहिला होता तो मुंबईत, भाऊच्या धक्क्यावर, हमालीच्या दिवसांत. त्याला पाहणे म्हणत नाहीत. डोक्यावर ओझे असलेल्या माणसाची नजर पायाखाली असते.

आता या प्रवासातून मिळाले काय, तेही सांगते. कुंभार्ली घाट उतरला की पोफळी लागते. कोयनेचे पाणी डोंगराच्या पोटातून इकडे आणून वीज करतात, हे मी भूगोलात पाठ केले होते, त्यावर गुणही मिळवले होते. माझे आजोबा त्या धरणाच्या कामावर मजूर होते, हे आण्णांना ठाऊक होते. वीज करून झाल्यावर ते पाणी पुढे वाशिष्ठीला मिळते आणि दाभोळच्या खाडीतून समुद्राला जाते, हे मी त्यांना गाडी थांबवून सांगितले. ते पुष्कळ वेळ डोंगराकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे आबांनी अडवलेलं पाणी हितं येतंय व्हय!" पुस्तकातली माझी माहिती आणि त्यांची घरातली माहिती यांची गाठ पडायला आम्हांला पंचवीस वळणांचा घाट उतरावा लागला. (वळणे मी मोजलेली नाहीत, आण्णांनी मोजली असतील.) ज्यांच्या घरात शिकलेली पहिलीच पिढी आहे त्यांना ही अडचण समजेल. कॉलेजातले काही घरी सांगायला जावे तर ते भाषण होते. घरातले काही कॉलेजात सांगायला जावे तर लाज वाटते. रस्त्यावर दोन्हींना जागा मिळते.

गुहागरहून हेदवीमार्गे तवसाळला आले की रस्ता संपतो आणि शास्त्री नदीची खाडी आडवी येते. पलीकडे जयगड. मोटारसायकली, मोटारी, माणसे, सारी एकाच तरीवर चढतात. नाहीतर आतल्या पुलावरून मोठा वळसा. रेवसपासून रेड्डीपर्यंतच्या सागरी महामार्गाची कल्पना बॅरिस्टर अंतुले यांच्या काळापासूनची, म्हणजे १९८० च्या आसपासची. चाळीस वर्षे उलटून गेली तरी मोठ्या खाड्यांवरचे सगळे पूल अद्याप झालेले नाहीत. दाभोळ-धोपावेची तर २००३ साली सुरू झाली. तोवर गाडीसकट खाडी ओलांडण्याची सोय तिथेही नव्हती. मला ती तर फार आवडली. गाडीवर बोलता येत नाही, वारा शब्द उडवून नेतो. तरीवर कठड्याला टेकून बोलता येते. म्हणून मी मोठ्या हौसेने म्हटले की पूल झाला की ही मजा जाणार. शेजारी पाटी घेऊन बसलेल्या कोळीणबाईंनी माझ्याकडे पाहिले आणि विचारले की रात्री घरात कुणी आजारी पडले तर मजा घेऊन कुठे जायचे? आण्णा लगेच त्यांच्या बाजूला झाले. पूल व्हावा, असेच आता माझेही मत आहे. निसर्गरम्य रस्ता म्हणून आपण ज्याला नावाजतो तो कुणाच्या तरी रोजच्या येण्याजाण्याचा रस्ता असतो. त्याचे अपुरेपण पाहुण्यांच्या आनंदासाठी जपून ठेवा, असे सांगण्याचा आपल्याला अधिकार नाही. मात्र रुंदीकरणात आंब्याची कलमे आणि माडांच्या वाड्या जाणार असतील तर मालकाला काय मिळणार, हेही तितक्याच मोठ्याने विचारले पाहिजे. धरणाच्या मुलखातून आलेल्या माणसाला हा प्रश्न सुचतोच.

जयगडहून खाली मालगुंड. केशवसुतांचे जन्मगाव. कोकण मराठी साहित्य परिषदेने तिथे त्यांचे स्मारक उभारले आहे. मराठीची विद्यार्थिनी म्हणून मी हरखून गेले होते. आण्णांनी सारे घर हिंडून पाहिले, वासे किती, जमीन कशी सारवली आहे हे पाहिले आणि "पोटाला काय करत हुते?" म्हणून विचारले. मास्तर होते, म्हटल्यावर त्यांना बरे वाटले. कवितेवर त्यांचा विश्वास नाही, नोकरीवर आहे. मी बी.ए. होऊन काय करणार, हा विषय घरी निघाला की वाद होतो. त्या दिवशी तो निघाला आणि वाद झाला नाही. एवढ्यासाठी अठ्ठेचाळीसशे रुपये महाग आहेत, असे मी म्हणणार नाही.

आरे-वारेच्या वळणावरून समुद्र जसा दिसतो त्याचे वर्णन मी करणार नाही, ते पुष्कळांनी केले आहे. रत्नागिरीला थिबा राजवाडा पाहिला. ब्रह्मदेशाच्या या राजाला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत करून इकडे आणले. वाडा १९१० साली बांधून झाला आणि १९१६ साली राजा इथेच वारला. तोच समुद्र त्याला तुरुंगाच्या भिंतीसारखा वाटला असेल.

आता दुसरा प्रश्न, हळू आवाजातला. पोरीला घेऊन? माझे उत्तर असे की पोरीला मागे बसवून तर नेऊच नये. तिला पुढे बसवावे.

आमच्या ग्रंथालयात रॉबर्ट पर्सिग या अमेरिकन लेखकाचे 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स' हे १९७४ सालचे पुस्तक आहे. शब्दकोश शेजारी ठेवून मी ते वाचले. तत्त्वज्ञानाची पुष्कळशी पाने माझ्या डोक्यावरून गेली. १९६८ साली पर्सिग आपल्या अकरा वर्षांच्या मुलाला, ख्रिसला, मागे बसवून मिनेसोटातून निघाला आणि पॅसिफिक महासागराच्या किनाऱ्याने कॅलिफोर्नियात उतरला. सारा वेळ बापाच्या मनात मोठमोठे विचार चालले आहेत, आणि मागे बसलेला मुलगा रडवेला, चिडलेला, पोटदुखीने हैराण. शेवटी शेवटी दोघे शिरस्त्राणे काढतात, मुलगा पावठ्यांवर उभा राहतो आणि त्याला बापाच्या खांद्यावरून पुढचे दिसू लागते. तोवर हजारो मैल त्याला बापाची पाठच दिसत होती! हा ख्रिस पुढे १९७९ साली सॅन फ्रान्सिस्कोत मारला गेला, हे कळल्यापासून तर ते पान मला पुन्हा वाचवत नाही.

आपल्या घरांतही हेच चालते. बापाचे मन मोठे असते, कष्ट अपार असतात, पण मुलांना दिसते ती पाठ. मुलींना तर आधी बापाची, मग भावाची, मग नवऱ्याची. माझ्याजवळ गिअरच्या गाडीचे लायसन्स आहे. अठरा पुरी झाल्यावर आण्णांनीच काढून दिले, पण गावात गाडी चालवायची नाही, या अटीवर. का, तर लोक! देवगडच्या पुढे आमच्या ओळखीचे लोक संपले. तिथे आण्णांनी गाडी कडेला घेतली आणि उतरून म्हणाले, "चालीव." तिथून मालवणपर्यंत मी चालवली. ते मागे बसले होते. चढाला त्यांचा हात आपोआप पुढे यायचा आणि मागे जायचा. आचऱ्याच्या तिठ्यावर दोघे-तिघे टक लावून बघत राहिले. आण्णांनी त्यांनाच मालवणचा रस्ता विचारला.

धोक्याचे काय, असे आमच्या एका मैत्रिणीच्या आईने विचारले. हा प्रश्न मात्र रास्त आहे. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत एक लाख अडुसष्ट हजारांवर माणसे दगावली, त्यांत शंभरातली चव्वेचाळीस दुचाकीवरची होती. म्हणून दोघांच्याही डोक्याला हेल्मेट, दिवस मावळायच्या आत मुक्काम, तासाभराने विश्रांती आणि पन्नासच्या वर काटा न्यायचा नाही, असे नियम आण्णांनी केले होते आणि ते पाळले. कॉलेजच्या वाटेवर एका गाडीवर तिघे-तिघे बसून जाणाऱ्या माझ्या वर्गबंधूंना तरी समुद्राच्या वाटेवरचा धोका सांगण्याचे कारण नाही.

आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय हा हिशेब पुरा होणार नाही. आम्ही दोघे चार दिवस हिंडलो तेव्हा दोन म्हशी आणि एक गाय यांची धार, शेण, वैरण सारे आईने एकटीने केले. डेअरीला दूध तिने शेजाऱ्याच्या गाडीवरून पाठवले. मोटारसायकलवर तिघे बसत नाहीत हे खरे, पण तिसरे कोण राहायचे हे आमच्या घरात कधी ठरवावेच लागत नाही. आल्यावर तिने समुद्राविषयी काही विचारले नाही. तरीवर गाडी चढवतात तेव्हा ती घसरत कशी नाही, एवढेच विचारले, आणि मी सांगत असताना हातातले काम थांबवून ऐकले.

येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आईला मागे बसवून मी गुहागरला जाणार आहे. धार मी काढीन, असे आण्णा म्हणाले आहेत. आई अजून हो म्हणालेली नाही. त्यांच्या हाताला गाय पान्हा सोडत नाही, असे तिचे म्हणणे आहे.

(द्वितीय वर्ष, कला)